गॅदरिंग, शाकारणी आणि १८६५ चं कौल

आमची मराठी शाळा म्हणजे एकच खोली. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, संपलं. पहिली ते चौथी सगळी त्याच खोलीत, चार कोपऱ्यात चार वर्ग आणि गुरुजी एकटे, त्यामुळे पहिलीतल्या पोरांना चौथीच्या कविता फुकटात पाठ.

पण गॅदरिंग दणक्यात हां. २६ जानेवारीला सकाळी झेंडा, दुपारी शाळेतच सत्यनारायण आणि रात्री कार्यक्रम. पडवीपुढे फळ्या टाकून स्टेज, पडद्याला आयांच्या साड्या, दोन पेट्रोमॅक्स आणि बॅटरीवरचा माईक. नाटक ऐन रंगात आलं की मधेच अनाउन्समेंट, "खालच्या वाडीकडून दोन रुपये बक्षीस, मंडळ आभारी आहे", तोवर महाराज वाघनखं रोखून तसेच उभे! एका वर्षी अफझलखानाला बक्षीस मिळालं ते मेल्यावर, तर गडी उठला, हात जोडून नमस्कार केला आणि परत जाऊन आडवा झाला.

शाळा लोकल बोर्डाच्या काळातली, १९६२ ला जिल्हा परिषद आली तेव्हा पाटी बदलली, खोली तीच. पुढे १९८७ ची खडू-फळा योजना आली, शाळेला दोन खोल्या दोन शिक्षक हवेत म्हणून शेजारी स्लॅबची खोली झाली आणि जुनीत मोडकी बाकं नि पोषण आहाराची पोती जाऊन पडली. रिकाम्या कौलारू खोलीला कोकणातला पाऊस किती दिवस ठेवणार? एक कौल सरकलं की पाणी वाशावर, मग वाळवी, मग सगळंच खाली.

ती वाचली ती मुंबईकर मंडळामुळे. चाकरमानी मे महिन्यात येतातच, म्हणून माजी विद्यार्थ्यांचं गॅदरिंग मे मध्ये घ्यायचं ठरलं आणि त्याच दिवशी सकाळी शाकारणी. कौलं उतरवायची, शेवाळ घासायचं, फुटकी बदलायची, कौलांखालच्या लाकडी पट्ट्या म्हणजे रिपा ठोकून बघायच्या, लाकडाला काजूच्या टरफलाचं तेल. बँकेत साहेब असलेला माणूस पण लुंगी लावून शिडीखाली कौलं झेलतो आणि वरून शिव्या खातो.

दरवर्षी कुणीतरी नवीन कौल उलटं करून ओरडतोच, "अरे शाळा १८६५ ची आहे, छापलंय बघ!" मग त्याला सांगावं लागतं की बाबा, बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते हे साल, आपल्या शाळेचं नाही. पटत नाही. फोटो काढून ग्रुपवर टाकतोच.

भांडणंही ठरलेली. एक पार्टी म्हणते पाडा आणि स्लॅब टाका. निदान सिमेंटचं प्लास्टर तरी करा. पण जांभा ओल धरतो, वरून सिमेंट थापलं की ती आतच अडकते आणि पोपडे सुटतात, म्हणून आम्ही चुन्यावर अडून बसलोय. आणि ज्या स्लॅबचं एवढं कौतुक, तो गळतो म्हणून त्यावर आता पत्र्याची शेड आहे, हे बोललं की समोरची पार्टी जेवायला उठते.

रात्रीच्या कार्यक्रमात हल्ली रेकॉर्ड डान्सच जास्त, आम्हाला काही तेवढी मजा येत नाही, पण बक्षिसं अजून माईकवरच, फक्त गुगल पे वर. गेल्या वर्षीच्या बक्षिसांतून नवीन रिपा आल्या. यंदा दाराची चौकट बदलायची आहे, सागवान परवडणार नाही, कुणाकडे फणसाचं जुनं लाकूड असेल तर मेच्या आधी कळवा.