तुम्ही विचारलंत म्हणून: मागच्या खोलीत वाय-फाय का पोचत नाही?

“मागच्या खोलीत रेंजच नाही. फार खर्च न करता काय होईल? बूस्टर घेऊ का, आणि कुठला?” हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवते. विचारणाऱ्याला एका वस्तूचं नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही, उलट राउटर कुठे ठेवलाय ते विचारते. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘हिला काही फारसं कळत नसावं’ असा भाव येतो. पण माझ्याच घरात मी आधी बूस्टर (राउटरचं वाय-फाय ऐकून पुढे पोचवणारा डबा) घेतला आणि राउटरची जागा नंतर पाहिली. त्यामुळे हा क्रम उलटा का हवा, ते मला चांगलंच ठाऊक आहे.

सगळ्यात आधी दोष वाय-फायचाच आहे ना, याची खात्री करा. लॅपटॉप राउटरला थेट तारेने जोडा आणि वेग मोजा. तारेचं भोक नसलेला लॅपटॉप असेल, तर राउटरपासून दोन मीटरवर उभं राहून मोजा. तिथेही नेट रडतखडत चालत असेल तर दुखणं बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे. अशा वेळी घरातल्या अँटेना फिरवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

जवळ वेग चांगला आणि लांब वाईट, असं असेल तर फोन हातात घेऊन घरभर एक फेरी मारा. मात्र फोनवरच्या कांड्या बघू नका. किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. आकडा बघा. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनलायझर प्रकारची फुकट ॲप मिळतात. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की ‘आरएसएसआय’ म्हणून तोच आकडा दिसतो. सिग्नलच्या ताकदीचा हा आकडा डीबीएम या एककात (फरक सांगताना नुसतं डीबी) आणि उणे असतो. शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे झकास. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निभावून जातो. उणे ७० च्या पलीकडे कुरबुरी सुरू होतात, आणि उणे ८० ला फोन ‘कनेक्टेड’ म्हणत राहतो पण पान काही उघडत नाही. हे मोजमाप वाढत जातं ते पटीत: ३ डीबी घटले की सिग्नल निम्मा होतो, १० घटले की एक दशांश उरतो.

माझ्या घरची पहिली फेरी मी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवली होती. हॉलमध्ये सोफ्यावर उणे ४७. पॅसेजच्या तोंडाशी उणे ५८. मागच्या खोलीच्या दारात उणे ७१. आणि जिथे बसून मी काम करते त्या टेबलाशी उणे ७९. खोलीचं दार लोटलं तर उणे ८२, म्हणजे नुसत्या लाकडी दाराने उरलेल्याचा निम्मा सिग्नल खाल्ला. सोफा आणि टेबल यांच्यात ३२ डीबीचं अंतर होतं. दीड हजारपटीहून जास्त.

राउटर होता टीव्हीखालच्या कपाटात, झडप लावून, सेट-टॉप बॉक्सच्या मागे. का? तर तारा दिसत नाहीत आणि बरं दिसतं म्हणून. राउटर लपवून ठेवायची ही हौस कुठून आली कोण जाणे. दिवा कपाटात ठेवून उजेड कमी पडतो अशी तक्रार कुणी करत नाही. माझ्या राउटरच्या डोक्यावर टीव्हीच्या पाठीचा धातूचा पत्रा होता. मागच्या खोलीच्या वाटेत लोखंडी कपाट होतं आणि कपाटाच्या दाराला पुरुषभर उंचीचा आरसा होता. आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो, त्यामुळे या लहरींच्या दृष्टीने तोही पत्राच. मोठी माशांची टाकी असेल तर तीही वाटेतून हलवा, पाणी या लहरी शोषून घेतं.

भिंतींचं गणित थोडं फसवं असतं. भिंत किती जाड, एवढंच पाहून चालत नाही, तिला लहर कोणत्या कोनात भेटते तेही पाहावं लागतं. वीतभर जाड भिंत सरळ ओलांडली तर वीतभरच. पण सरळ रेषेपासून ६० अंश कलून तिरपी ओलांडली, तर तीच भिंत हातभर होते. म्हणून घराचा आराखडा कागदावर काढा, राउटरपासून अडचणीच्या जागेपर्यंत पट्टीने रेघ ओढा आणि ती काय काय कापत जाते ते मोजा. राउटर दोन मीटर सरकवला की रेघेतून एक कपाट आणि एक तिरपी भिंत गळून पडते, असं बऱ्याचदा होतं.

मी तेच केलं. तीन मीटर तार घेतली, राउटर पॅसेजच्या तोंडाशी, दाराच्या चौकटीहून उंच अशा फळीवर ठेवला. टेबलाशी उणे ६६. तेरा डीबी, म्हणजे वीसपट सिग्नल, एका तारेच्या तुकड्यात. (फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांमधली साधी तार लांब करा. फायबरची बारीक तार आत काचेची असते, ती स्वतः ओढू-वाकवू नका. दोन्ही एकाच डब्यात असतील तर जोडणीवाल्याकडून जागा बदलून घ्यावी लागते.)

अँटेनांबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. अँटेनेचं टोक खोलीकडे रोखायचं नसतं. उभ्या काडीसारख्या अँटेनेतून लहरी पसरतात त्या तिच्याभोवती, चुंबळीच्या आकारात. टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी. एकाच मजल्याचं घर असेल तर अँटेना उभ्या ठेवा. वरच्या मजल्यावर पोचायचं असेल तर एक आडवी करून बघा. ज्यांच्या अँटेना आतच असतात त्या डब्यांना ही सोय नाही. असा डबा निदान बनवणाऱ्याने सांगितलाय तसा उभा किंवा आडवा ठेवा.

जागा झाली की सेटिंग्ज. राउटर बहुधा लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातो, भिंती बऱ्या सोसतो, पण वेग कमी आणि गर्दी फार. ५ वेगवान, पण भिंत आली की धापा टाकतो. मागच्या खोलीत फोन हट्टाने ५ ला चिकटून बसत असेल तर दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या आणि तिथे २.४ निवडा. प्रत्येक पट्टीचे क्रमांक दिलेले भाग असतात, ते चॅनल. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरायचे, १, ६ आणि ११. आजूबाजूची सगळी नेटवर्कं ६ वर असतील तर तुम्ही १ किंवा ११ वर जा. ३ किंवा ४ ‘मोकळा दिसतोय’ म्हणून तिथे बसू नका, कारण तिथून दोन्हीकडच्या गोंगाटाचा त्रास होतो. आणि याच पट्टीत चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तेव्हा त्याच्या शेजारी राउटर नको. आणखी एक लपलेला चोर म्हणजे यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. तिच्या तारेतून २.४ च्या पट्टीत गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ साली यावर आख्खा तांत्रिक लेख काढला होता. लॅपटॉपला डिस्क लावली की वायरलेस माउस अडखळतो तो यामुळेच. राउटरला अशी डिस्क जोडली असेल तर काढून एकदा आकडा बघा.

राउटरमागे ॲल्युमिनियमची फॉइल लावण्याच्या युक्तीला लोक हसतात. ती अगदीच थापेबाजी नाही. अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजच्या संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकाने आकार ठरवून, त्रिमितीय छपाईने बनवलेले, धातूचा पातळ थर दिलेले परावर्तक राउटरभोवती ठेवून हवा तिथे सिग्नल वाढवून आणि नको तिथे कमी करून दाखवला. पण त्यांचा आकार गणिताने काढलेला होता, आपला अंदाजाने वाकवलेला असतो. राउटर घराच्या एका टोकाला बाहेरच्या भिंतीशीच ठेवणं भाग असेल, तर मागे फॉइल लावलेला पुठ्ठा ठेवून मोजून बघायला हरकत नाही. आकडा सुधारला नाही तर पुठ्ठा काढून टाका.

आता बूस्टर. मी घेतला तेव्हा राउटर अजून त्या कपाटातच होता. जिथे रेंज नाही तिथेच बूस्टर लावायचा, असं मला अगदी स्वाभाविक वाटलं, म्हणून टेबलाशेजारच्या प्लगमध्ये लावला. फोनवर सगळ्या कांड्या भरल्या. मी खूश. मग पहिलाच कॉल गोठला. कांड्या दाखवत होत्या ते फोन आणि बूस्टर यांच्यातलं अंतर. बूस्टरला राउटरकडून मिळत होते तेच उणे ७९. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याची जागा अर्ध्या वाटेवर, जिथे अजून उणे ६५ च्या आसपास मिळतंय तिथे असते. आणि तिथेही एक खोट राहतेच. ज्या स्वस्त बूस्टरमध्ये एकच रेडिओ असतो, तो प्रत्येक गोष्ट आधी ऐकतो आणि मग त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो. तेच बोलणं हवेत दोनदा होतं, म्हणून वेग निम्म्यावर येतो.

राउटरची ‘पॉवर वाढवून’ भागेल का, असंही विचारतात. संभाषण दुतर्फा असतं. राउटर ओरडला तर फोनला ऐकू येईल, पण फोनचा स्वतःचा आवाज बारीकच राहतो आणि तो राउटरपर्यंत पोचायला हवा. नुसत्या ओरडण्याने कांड्या वाढतात, काम वाढत नाही.

हे सगळं करून भागलं नाही, आणि थोडे पैसे घालायची तयारी असेल, तर ते तारेत घाला. घरात जुना राउटर पडलेला असतोच. मुख्य राउटरपासून मागच्या खोलीत ठेवलेल्या या जुन्या राउटरपर्यंत कॅट ५ई प्रकारची नेटवर्कची तार ओढा. ती १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा (१००० मेगाबिट) वेग निभावते, तेव्हा घरात तिची मर्यादा लागायची नाही. घेताना शुद्ध तांब्याची घ्या, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. जुन्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (तारेने आलेलं नेट फक्त वाय-फायने पसरवायचं काम) असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर तीन गोष्टी: त्याचा स्वतःचा पत्ता बदला (मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२), त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि तार त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटसाठीच्या) भोकात नाही तर लॅनच्या (घरातल्या उपकरणांसाठीच्या) भोकात खोचा. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राउटरसारखाच ठेवा, चॅनल वेगळा. त्याच्या ॲडमिनचा मूळ पासवर्डही बदला. सुरक्षेच्या प्रकारांत निदान डब्ल्यूपीए२ सुद्धा येत नसलेला राउटर असेल तर तो भंगारातच जाऊ द्या.

यातलं डीएचसीपी मी विसरले होते. रात्री सगळं मस्त चाललं. सकाळी निम्म्या घरात नेट होतं आणि निम्म्या घरात नव्हतं, आणि कुठलं निम्मं ते दर तासाला बदलत होतं. झालं होतं असं की घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी झाले होते. नव्याने जोडणाऱ्या फोनला जो आधी उत्तर देईल त्याचं तो ऐकायचा. जुना राउटर सांगायचा, “बाहेर जायची वाट माझ्याकडून,” आणि त्याच्याकडे वाटच नव्हती. मला हे कळेपर्यंत मी मुख्य राउटर चार वेळा बंद-चालू केला होता.

तारेला टोकं लावणं मी स्वतः शिकले. आत आठ बारीक रंगीत तारा असतात, त्यांचा क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. पहिल्या तारेवर वेग बरोबर ९४ मेगाबिटला अडकला. घासाघीस करूनही पुढे जाईना. शेवटची तपकिरी तार केसभर आखूड कापली गेली होती, पिनपर्यंत पोचलीच नव्हती. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. बाकीच्या चारांतली एक तुटली की दोन्ही टोकं बहुधा मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात. वेग नव्वदीत अडकलेला दिसला की आता मी आधी टोक कापते.

तार ओढणं शक्यच नसेल तर विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारी पॉवरलाइन जोडी असते. तिचं नशीब घराच्या वायरिंगवर अवलंबून, त्यामुळे परत करता येईल अशा बोलीवरच घ्या आणि एक्स्टेंशन बोर्डात न लावता थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावून बघा. मेश (एकच नेटवर्क मिळून पसरवणारे दोन-तीन डबे) चांगलं असतं, पण त्याचे डबे आपसात हवेतूनच बोलत असतील तर त्यांनाही अर्ध्या वाटेचा तोच नियम. आणि ते या यादीतलं सगळ्यात महाग.

आता माझ्या टेबलाशी उणे ४९ आहे. बाल्कनीच्या टोकाला अजून उणे ७८ येतात. तिथे फक्त कपडे वाळत असतात, म्हणून तो आकडा मी तसाच राहू दिलाय.