सिस्टर, ताई, बाई

मराठी कानाला ‘सिस्टर’ म्हटलं की पांढरे बूट, थर्मामीटर आणि “सलाइन संपलं की हाक मारा” एवढंच आठवतं. त्यामुळे माझ्या मोबाइलवर “डिअर सिस्टर्स, उद्या पौर्णिमा, सर्कलमध्ये भेटू या” असा निरोप आला आणि मी तो मोठ्यानं वाचला, तेव्हा शेजारी बसून लसूण सोलणाऱ्या आत्यानं चष्मा वर केला. “कोण ॲडमिट आहे गो?”

कोणीच नव्हतं. माझ्या मैत्रिणीच्या सोसायटीच्या गच्चीवर दर पौर्णिमेला पंधरा-वीस बायका गोल करून बसतात, कोको पितात, डोळे मिटतात, बोलतात. मैत्रीण चार महिने मागे लागली होती. आत्या मोतीबिंदू दाखवायला चिपळूणहून आली होती, तिला घरी एकटी ठेवून जाणं काही बरं दिसेना. म्हटलं, “तूही चल. बायकांचाच कार्यक्रम आहे.”

“हळदीकुंकू?” आवाज जरा सावध होता.

“नाही.”

“मग येते.”

रिक्षात मी तिला शब्द समजावून सांगत होते. डिव्हाइन फेमिनिन म्हणजे स्त्रीतत्त्व. “म्हणजे देवी?” देवी अशी नाही, आपल्या आतलीच. “मग तेच.” जी मुलगी सर्कल घेते ती शिकवत नाही, ती म्हणते मी फक्त स्पेस होल्ड करते. आत्यानं विचार केला. “जागा धरते? एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तशी?” मी हसले खरी, पण आता लिहिताना वाटतं, याहून चांगलं भाषांतर मला अजून सुचलेलं नाही.

माझा या भाषेवर राग होता हे कबूल करते. एकमेकींना ‘क्वीन’ म्हणायचं, ‘गॉडेस’ म्हणायचं, पावसानं गच्ची सोडली तरी युनिव्हर्सचे आभार मानायचे. आपल्याकडे बाई या एका शब्दात केवढं मावतं! कोल्हापूरची अंबाबाई, आळंदीची मुक्ताबाई, शाळेतल्या बाई आणि भांड्याची बाई. देवळापासून मोरीपर्यंत एकच शब्द. जनीनं तर पंढरपूरच्या विठोबालाच विठाबाई करून टाकलं, तो तिच्याबरोबर दळतो, तिची वेणी घालतो. ज्या भाषेत सातशे वर्षांपूर्वी देवाची बाई झाली, त्या भाषेतल्या बायकांना डिव्हाइन फेमिनिन शिकायला कोको पीत बसावं लागतं, असा माझा बाणेदार मुद्दा तयार होता. परत येताना आत्याला ऐकवणार होते.

गच्चीच्या दारात ती मुलगी उभी होती. तिशीची असेल, हातात चांदीची वाटी. येईल तिच्या कपाळावर बोटानं कुंकू टेकवत होती आणि पुटपुटत होती, “थर्ड आय.” रांग हलत होती. माझं झालं, मागे वळले तर आत्या एक पाऊल मागे सरकलेली. काका जाऊन नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत संक्रांतीला, चैत्रात, श्रावणात कुणाच्या घरून तिला बोलावणं आलेलं नाही, आणि वाड्यातल्या बायका वाईट आहेत असंही नाही. पापडाला बोलावतात, आजारपणात बोलावतात. मुलगी पुढे झाली, “वेलकम, सिस्टर,” म्हणाली आणि त्या रिकाम्या कपाळाच्या मधोमध लाल बोट टेकवून पुढचीकडे वळली. तिला काही माहीतच नव्हतं. गच्चीवर कुणालाच काही झालं नाही. आत्या आत येऊन बसली आणि बराच वेळ हात कपाळापाशी नेऊन खाली आणत राहिली.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, तेव्हा मी ती बातमी आत्याला पाठवली होती. तिनं उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ठराव लागतो, हे खरंच आहे. पण इथं ते एका अडाणीपणानं झालं. परंपरा माहीत नसणं हे दर वेळी नुकसानच असतं, हे माझं मत त्या दारात थोडं हललं.

थोडंच. कारण सतरंज्या अंथरून, समया पुसून देणाऱ्या सफाईच्या मावशी आमचं सर्कल सुरू व्हायच्या आधी बादली घेऊन खाली गेल्या. “ती बाई कुठे गेली? तिला नाही बोलावलं?” आत्यानं मला विचारलं, गच्चीवर शांतता पसरलेली असताना, तिच्या नेहमीच्या आवाजात. दोघी-तिघींनी डोळे किलकिले केले. आठशे रुपये प्रवेशमूल्य होतं, हे मी तिला सांगितलं नाही. पुण्यातच 1852 च्या संक्रांतीला सावित्रीबाई फुल्यांच्या महिला सेवा मंडळानं तिळगुळाचा समारंभ केला होता. कलेक्टरच्या बाईंच्या अध्यक्षतेखाली, आणि सगळ्या जातींच्या बायका एकाच जाजमावर बसतील असं निमंत्रणातच बजावून. आमची सतरंजी मोठी होती. जागाही होती.

मग कोको आला. बिनसाखरेचा, दाट. आत्यानं एक घोट घेऊन पेला माझ्या पेल्यात रिकामा केला. मग श्वास. तोंडानं घ्या, तोंडानं सोडा, जोरात, लयीत, आतली शक्ती जागी होईल. पाचेक मिनिटांत एकदोघी डोलायला लागल्या. आत्या मात्र ताठ बसून सगळ्यांना निरखत होती. पुढे एक गुळगुळीत गोटा हातोहात फिरू लागला, ज्याच्या हातात गोटा त्यानं बोलायचं. तो आत्याकडे आला तेव्हा मी घाईनं तो पुढच्या बाईला द्यायला हात केला, पण आत्यानं मूठ मिटली.

“आम्ही घागर फुंकायचो,” ती म्हणाली. “अष्टमीला. लग्नानंतर पहिली पाच वर्षं महालक्ष्मी पुजायची. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करतात, काय रूप असतं त्याचं! रात्री घागर उदावर धरायची आणि फुंकत नाचायचं. तिसऱ्या वर्षी माझ्या अंगात आलं. खरं का खोटं मला विचारू नका, मला आठवत नाही. सासूबाई पाया पडल्या माझ्या. काय चुकलं असेल तर पदरात घे म्हणाल्या.” गोटा या हातातून त्या हातात. “नवमीला सकाळी त्यांनीच विचारलं, चहा अजून टाकला नाहीस?”

कुणी हसलं नाही. मला हसू येत होतं आणि आवरतही होतं.

पुढची एक मुलगी होती, सव्वीस-सत्तावीसची. तिनं गोटा घेतला आणि रडायलाच लागली. नुसतं रडणं, कारण नाही, वाक्य नाही. सगळ्या बसून राहिल्या. कुणी पाणी आणलं नाही, कुणी पाठीवरून हात फिरवला नाही, हा त्यांचा नियमच आहे. आत्या अर्धी उठली, तोंडातून “अगो…” एवढं निघालंसुद्धा. मी तिचा पदर ओढला. ती बसली. मुलगी रडली, थांबली, गोटा पुढे दिला. तेवढंच.

मला ते आधी फार कोरडं वाटलं. आपला ‘अगं’ किती ओला असतो! नगरात ‘गं’, चिपळुणात ‘गो’, विदर्भात ‘वं’, आणि फक्त बाईलाच म्हणावा असा त्याचा सूर. तो अर्ध्या अक्षराचा शब्द मी त्या सगळ्या सिस्टरांवरून ओवाळून टाकला असता. पण परतीच्या रिक्षात आत्या आपणहून बोलली.

“तू ओढलंस ते बरं केलंस. मी काय म्हणणार होते माहीत आहे? अगो, चालायचंच.”

मी गप्प राहिले.

“मला सगळ्यांनी तेच सांगितलं. मी सगळ्यांना तेच सांगितलं. जातं होतं तोवर बरं होतं. समोर जाऊबाई, एक खुंटा, दोघींचे हात. मी ओवीत काय वाट्टेल ते म्हणायचे, सासूला, दिराला, देवाला. जाऊबाई नुसती ओढायची. जातं काही सल्ला देत नाही.”

हेमा राइरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या अशा लाखावर ओव्या जमवल्या. मी त्या आजवर कविता म्हणून वाचत आले होते. माझा बाणेदार मुद्दा रिक्षातच कुठेतरी पडला असावा, घरी पोचल्यावर सापडला नाही.

लिफ्टमध्ये आरसा आहे. आत्यानं त्यात पाहिलं, पदराचं टोक उचललं, आणि त्यानं चष्माच पुसला.

“पुढची पौर्णिमा कोजागिरी ना गो? त्या मुलीला सांग, तो काढा नको करू म्हणावं. दूध मी आटवते. आणि त्या सतरंजीवाल्या बाईंचं नाव विचारून ठेव.”