उलार ट्रेलर आणि ९७ इंचांचा हिशेब

मागच्या नोंदीत मी आपल्या टिअरड्रॉपच्या (थेंबाच्या आकाराच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरच्या) टंगवरचा, म्हणजे गाडीला जोडणाऱ्या पुढच्या दांड्यावरचा, भार १३५ पौंड, म्हणजे रिकाम्या वजनाच्या जवळजवळ १४ टक्के, असल्याचे समाधानाने लिहिले होते. तो आकडा कृपया खोडावा. मी वजनकाटा जॅकच्या (टंगला आधार देणाऱ्या पायाच्या) चाकाखाली ठेवला होता आणि जॅक कपलरच्या, म्हणजे गाडीमागच्या बॉलवर बसणाऱ्या टंगच्या टोकाच्या, १२ इंच मागे आहे. बॉलपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर ९७ इंच आहे, पण जॅकपासून ते ८५ इंचच भरते, त्यामुळे काट्यावर सुमारे चौदा टक्के जास्त भार दिसतो. कपलरखाली बॉलच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा करून आणि ट्रेलर पाणसळीने समतल करून पुन्हा मोजले, तेव्हा ११८ पौंड आले. एकूण रिकामे वजन ९८० पौंड धरता ते १२ टक्के होते. हेही उत्तमच आहे, परंतु ते रिकाम्या ट्रेलरचे आहे, हे मला शनिवारी रस्त्यावर उमगले.

शनिवारी प्रथमच सगळे सामान भरून आम्ही इंटरस्टेट ५८० ने अल्टामाँट खिंडीतून ट्रेसीकडे निघालो. पवनचक्क्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या खिंडीत वारा असणारच, हे गृहीत धरले होते. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे आणि तिच्या आतच मी गाडी चालवत होते. उतारावर एक मोठा ट्रक शेजारून पुढे गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा डावीकडे-उजवीकडे हलू लागला. दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा होता. मी गाडीचा ब्रेक लावला नाही, स्टिअरिंग सरळ धरले, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि ब्रेक कंट्रोलरची हाताने दाबायची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. चार-पाच सेकंदांत गाडी सावरली, माझे हात मात्र ट्रेसी येईपर्यंत कापत होते.

सेंट्रल व्हॅलीतल्या एका ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (ट्रक तोलायचा मोठा काटा) होता, तिथे आधी जोडलेल्या ट्रेलरसह आणि मग केवळ गाडीचे वजन केले. ट्रेलरच्या ॲक्सलवर १,१६० पौंड आले आणि गाडीवर ट्रेलरमुळे ६० पौंड वाढलेले दिसले. हा काटा वीस-वीस पौंडांच्या टप्प्याने वजन दाखवतो. मालवाहू ट्रकसाठी ते पुरेसे आहे. आपल्यासारख्या लहान ट्रेलरच्या टंगसाठी मात्र त्यावर विसंबून चालणार नाही. एकूण वजनासाठी कॅट स्केल आणि टंगसाठी बाथरूमचा काटा, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि तो काटाही तबकडीचा जुना असावा. डिजिटल काटे पुष्कळदा मागचे वजन लक्षात ठेवतात आणि नवे वजन त्याच्या जवळपास असले की जुनाच आकडा पुन्हा दाखवतात.

घरी आल्यावर भरलेल्या ट्रेलरचा टंगवरचा नेमका भार ६६ पौंड निघाला. १,२१८ पौंडांच्या एकूण वजनावर तो साडेपाच टक्केही होत नाही, आणि आपल्याला १० ते १५ टक्के हवा असतो; त्याहून कमी असला की ट्रेलर हेलकावू लागतो. सांगलीकडे आमच्या आजोबांच्या बैलगाडीत ऊस मागे जास्त भरला गेला की जू वर उचलले जायचे, आणि त्याला ते ‘गाडी उलार झाली’ म्हणायचे. माझा ट्रेलर तसाच उलार झाला होता. पाच-पाच गॅलनचे पाण्याचे दोन कॅन (८३ पौंड), बर्फाने भरलेला कूलर (४५ पौंड), शेगडी, भांडी आणि शिधा (५० पौंड) हे सगळे मागील स्वयंपाकाच्या ओट्यात, ॲक्सलच्या ३१ ते ३३ इंच मागे होते. वजन गुणिले ॲक्सलपासूनचे अंतर भागिले ९७, असा हिशेब प्रत्येक वस्तूचा केला, तर या तीन गोष्टींनी मिळून टंगवरून ५८ पौंड उचलले होते. गादी आणि अंथरुणाने त्यातले सहाच परत दिले.

पहिला विचार ॲक्सल मागे नेण्याचा होता. १२ टक्क्यांसाठी ती सव्वासात इंच सरकवावी लागते. मी फ्रेमवर खडूने खुणाही केल्या होत्या. परंतु मग रिकाम्या ट्रेलरचा भार १७८ पौंडांवर जातो आणि माझ्या गाडीच्या हिचची (ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीची) मर्यादा २०० आहे. शिवाय मडगार्ड आणि ब्रेकच्या तारा पुन्हा बसवाव्या लागल्या असत्या. पुढे वाळूची पोती ठेवावीत, असे एका अनुभवी मित्राने सुचवले. त्याच्याबद्दल आदर राखूनही मला ते पटत नाही, कारण दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा हेलकावू लागला की थांबवायला जास्त कठीण जातो. घर्षणाचा अँटी-स्वे बार (हेलकावे आवरणारी दांडी) हाही चुकीच्या भरणीवरचा उपाय नव्हे.

म्हणून पाण्याचे कॅन प्रवासात केबिनच्या जमिनीवर, नेमके ॲक्सलवर ठेवायचे ठरवले. तिथे पाणी भरलेले असो वा संपलेले, टंगला फरक पडत नाही. एवढ्यानेच ९२ पौंड झाले. मग २५ पौंडांची लिथियम बॅटरी मागच्या ओट्यातून टंगवरच्या पेटीत आणली. हे अंतर योगायोगाने बरोबर ९७ इंच आहे, म्हणून बॅटरीचे सगळे २५ पौंड टंगवर आले. मला या जुळणीचा विलक्षण आनंद झाला. लांबलेली तार जाड घेतली आणि फ्यूज बॅटरीलगत बसवला. तरी ११७ पौंडच, साडेनऊ टक्क्यांच्या किंचित वर. स्टेपनी मागच्या भिंतीवरून टंगवर आणली तर ३६ वाढतात, आणि हा उपाय मी इथे अंतिम म्हणून लिहिणारच होते. पण रिकाम्या स्थितीचा आकडा मांडताना तो १७९ निघाला, म्हणजे पुन्हा मर्यादेच्या काठावर.

ते वाक्य अर्धे लिहून थांबले, कारण कूलर अजून मागेच होता. प्रवासात तो केबिनमध्ये दाराजवळ, ॲक्सलच्या ३५ इंच पुढे ठेवला, तर ६६ इंचांच्या सरकण्याने ३१ पौंड मिळतात आणि स्टेपनीला हात लावावा लागत नाही. अंगणात जाऊन सगळे भरले, कूलरमध्ये बर्फाऐवजी तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि मोजले. १४७ पौंड, १२ टक्के! सामान उतरवून पुन्हा मोजले, तर १४३, म्हणजे साडेचौदा. दोन्ही टोके मर्यादेत बसणारी ही पहिलीच मांडणी आहे.

आता कॅन आणि कूलर बांधायला जमिनीत कड्या लागतील, आणि त्या प्लायवूडमध्ये नव्हे, तर खालच्या फ्रेमपर्यंत बोल्टने बसवायच्या आहेत. येत्या शनिवारी पुन्हा अल्टामाँट: सकाळी वारा कमी असताना जायचे आणि संध्याकाळी तो वाढल्यावर परतायचे. दाराच्या आतल्या बाजूला कूलरची चौकट खडूने आखून ठेवली आहे.