डेव्हन, जुलै १९४७, सोमवार: शाखा-स्थानक आणि शेजारच्या माळावरचा टायगर मॉथ (कामाची चौथी नोंद)

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातले एक छोटे रेल्वे-स्थानक आणि शेजारी उभे टायगर मॉथ विमान, असा लहान मापाचा देखावा घरी बनवतो आहे. मागच्या नोंदीपर्यंत रूळ टाकून झाले होते आणि इंजिन दोन्ही टोकांपर्यंत न अडखळता जात होते. या टप्प्यात खडी, सिग्नल, वाघिणी, माती-गवत आणि विमान एवढी कामे पार पडली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मापे: ओओ हे मॉडेल-रेल्वेचे प्रमाण, म्हणजे ४ मिमीला १ फूट (१:७६.२), गेज (दोन रुळांमधले अंतर) १६.५ मिमी. १२२० × ४५७ मिमीचे दोन बोर्ड आणि पडद्यामागे गाड्या उभ्या करायला ९०० मिमीचा तिसरा. १२ मिमी मरीन प्लायच्या एका ८ × ४ फुटी शीटमधून तिन्ही निघतात. ३०० मिमीची जी पट्टी उरते तिच्यातून खालच्या चौकटीच्या ७५ मिमी रुंद पट्ट्या कापता येतात. प्लायच्या कापलेल्या कडांना वॉर्निश द्यायला विसरू नका. वरून-खालून दिले आणि कडा कोऱ्या राहिल्या, तर पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते आणि बोर्ड पापडासारखा वळतो.

स्थानक काल्पनिक आहे, पण मोजमापाला पुढे ठेवले आहे ॲशबर्टन. टॉटनेसहून येणारी ही शाखा १८७२ मध्ये सुरू झाली, १८९२ पर्यंत अभियंता ब्रुनेलच्या ७ फुटी रुंद मार्गाची होती, आणि १९५८ मध्ये तिथली प्रवासी गाडी बंद झाली. फलाटावर आणि रुळावर मिळून एकच लाकडी छप्पर, बाजूला एका इंजिनापुरती शेड, मालधक्का, गुरांचा धक्का. घरातल्या भिंतीलगत मावेल असे इंग्लंडमधले याहून देखणे टर्मिनस शोधूनही सापडणार नाही.

सगळ्यात आधी साल पक्के केले, आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावरूनच घेतला. १९४७ चा उन्हाळा हा ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा शेवटचा उन्हाळा, कारण १ जानेवारी १९४८ ला इंग्लंडमधल्या चारही मोठ्या रेल्वे-कंपन्या सरकारी झाल्या. बाजारात मिळणारी मॉडेले आणि माल मात्र दहा वेगवेगळ्या सालांचा असतो. ग्रेट वेस्टर्नचे अभियंते कॉलेट यांच्या ०-४-२ (चाकांची रचना) टाकी-इंजिनांचा ४८०० वर्ग १९४६ मध्ये १४०० क्रमांकांवर आला, म्हणून आपल्या इंजिनावर १४ ने सुरू होणारा क्रमांकच हवा. टाकीवर साधी ‘जी डब्ल्यू आर’ अक्षरे. १९३४ पासूनचे बटणासारखे गोल बोधचिन्ह १९४२ नंतर नव्याने रंगवले जात नव्हते. ऑटोकोच (चालकाची जागा असलेला प्रवासी डबा) निवडताना कॉलेटनंतरचे अभियंते हॉक्सवर्थ यांचा सुंदर डबा बाजूला ठेवावा लागला, कारण तो १९५१ चा. एअरफिक्स या मॉडेल-कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस काढलेला आणि पुढे हॉर्नबी या दुसऱ्या कंपनीकडे गेलेला जुना ऑटोकोच इथे बरोबर बसतो. इंजिन सुमारे ११६ मिमी, डबा सुमारे २५० मिमी, म्हणजे अख्खी गाडी ३७० मिमीत संपते. शिवाय परतीला इंजिन फिरवून पुढे आणावे लागत नाही. चालक डब्याच्या पुढच्या टोकातून, दांड्यांच्या जोडणीने रेग्युलेटर (वाफेची झडप) हलवतो आणि इंजिन मागून ढकलते. लहान जागेसाठी ही गाडी वरदान आहे.

खडीकडे येऊ. क्रशरवरची काळ्या दगडाची कच स्वस्त मिळते, पण ती वापरू नका. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. खडीवरून एकदा लोहचुंबक फिरवून पाहा, काळे कण त्याला मिशीसारखे चिकटतील. तेच कण पुढे मोटरच्या चुंबकावर आणि गिअरमध्ये जाऊन बसतात. डेव्हनमध्ये चुनखडी भरपूर, आणि आपल्याकडे शहाबादी फरशी हीदेखील चुनखडीच. फरशी कापणाऱ्याकडचे तुकडे कुटून घेतले. मैद्याच्या चाळणीतून पडेल पण चहाच्या बारीक गाळणीवर राहील तेवढीच जाड खडी ठेवली (साधारण ०.५ ते १ मिमी), दोनदा धुऊन वाळवली. गाळणीखाली पडलेली भुकटी काळ्या पोस्टर रंगात मळून यार्डात वापरली. शाखामार्गांच्या यार्डात खडीऐवजी इंजिनाची राख पसरत आणि ती स्लीपरच्या माथ्यापर्यंत येई. मुख्य मार्गावर स्लीपर उघडे आणि यार्डात बुडालेले, एवढ्या फरकानेही देखावा जिवंत होतो.

खडी कोरडीच पसरून मऊ ब्रशने स्लीपरांवरून खाली लोटा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा, आणि त्यावर ड्रॉपरने १ भाग फेव्हिकॉल, २ भाग पाणी, १०० मिलीला भांड्यांच्या साबणाचे २-३ थेंब. फवारा चुकवला तर थेंब खडीवर मण्यासारखे बसतात आणि खड्डे पडतात. सांध्यांजवळ (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे) आधी हलणाऱ्या पट्टीच्या खाली आणि पात्यांच्या खुंट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या, म्हणजे गोंद तिथे धरत नाही. तरीही दर दहा मिनिटांनी सांधा हलवत राहा. या वेळी तीनपैकी एक सांधा आखडलाच. गरम पाण्यात भिजवलेला कापूस तासभर ठेवल्यावर सुटला. गोंद वाळून दगड झाला असता तर सांधा उखडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

तारजोडणीत एकच घोटाळा झाला, पण तो नेहमीचा असल्याने लिहितो. पेको कंपनीच्या इलेक्ट्रोफ्रॉग सांध्यात फ्रॉगपासून (आतले दोन रूळ मिळतात त्या धातूच्या टोकापासून) पुढे जाणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे फिशप्लेट (रूळ जोडणारे तुकडे) हवेतच. एका बाजूला धातूचा राहिला, आणि पलीकडच्या फीडरमधून (रुळाला वीज देणाऱ्या तारेतून) उलटा प्रवाह येऊन सांधा फिरवताक्षणी शॉर्ट होई. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःचा फीडर द्या, वीजवहनासाठी फिशप्लेटवर विसंबू नका. पुण्यात डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत ३० अंशांचा फरक धरला तर एका मीटर रुळाला सुमारे अर्धा मिमी वाढ मिळते, तेवढी फट दोन रुळांच्या जोडात सोडा.

आता सिग्नल. आपण अजूनही गाडी सुटायची झाली की ‘सिग्नल पडला’ म्हणतो, ते खाली पडणाऱ्या हाताच्या सिग्नलमुळे. इंग्लंडमध्ये बाकी तिन्ही मोठ्या कंपन्या वर उचलल्या जाणाऱ्या हाताकडे वळल्या, ग्रेट वेस्टर्न मात्र शेवटपर्यंत पडणाऱ्या हातावर ठाम राहिली. संच विकत घेताना हे नीट पाहा, कारण वर जाणारा हात या स्थानकावर शोभत नाही. हात ४ फुटी, म्हणजे १६ मिमी. पुढून लाल आणि पांढरा पट्टा, मागून पांढरा आणि काळा पट्टा. काचांची चौकट जड बीडाची असते ती उगाच नव्हे. तार तुटली तर तिच्या वजनाने हात आपोआप आडवा, म्हणजे धोक्याच्या स्थितीत येतो. दूरचा पिवळा, टोकाला खाच असलेला सिग्नल अशा टर्मिनसकडे येताना बहुधा कायमचा आडवा ठोकलेला असे, त्याला यंत्रणा लागत नाही.

होम सिग्नलला (स्थानकात शिरण्याच्या) एसजी९० सर्व्हो, म्हणजे ठरल्या कोनात फिरणारी छोटी मोटर, आणि ०.४५ मिमी पितळी तार. सर्व्होला वीज अर्डुइनो या नियंत्रक-बोर्डच्या ५ व्होल्ट पिनवरून देऊ नका. वेगळा ५ व्होल्ट पुरवठा आणि त्यावर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, नाहीतर सुरू करताना हात झटका खातो आणि तार वाकते. पडताना हात ४५ अंशांवर थांबून दोनदा किंचित उसळला पाहिजे. प्रोग्राममध्ये ४५, ४१, ४५, ४३, ४५ असे टप्पे दिले, प्रत्येकी ६० मिलिसेकंदांचे.

वाघिणींवर सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सार्थकी लागला. खाजगी कोळसा व्यापाऱ्यांच्या लाल-निळ्या-पिवळ्या, ठळक नावांच्या सात फळ्यांच्या वाघिणी कपाटात फार गोड दिसतात. पण युद्ध सुरू होताच १९३९ मध्ये त्या सरकारने एकत्र ताब्यात घेतल्या. त्यानंतर त्यांना रंगाचा हात जवळजवळ लागलाच नाही. फळी मोडली की नवी कोरी फळी ठोकायची, तिच्यावरची अक्षरे गेली ती गेलीच. म्हणून सहा वाघिणींपैकी पाचांवर आधी फिकट करडा लाकडी रंग दिला, त्यावर मूळ रंग लावून तो अर्धवट ओला असतानाच कडक ब्रशने फळीच्या दिशेने खरवडला. प्रत्येकीच्या दोन-तीन फळ्या पूर्ण कोऱ्या ठेवल्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात क्रमांकाची छोटी काळी चौकट दिली. वजन ४५ ते ५० ग्रॅमपर्यंत आणायला टायरवाल्याकडच्या ५ ग्रॅमच्या चिकट बॅलन्सिंग पट्ट्या तळाला लावल्या. हलकी वाघीण ढकलताना सांध्यावर हमखास उतरते.

फलाटावरची छोटी पत्र्याची शेड, जिला छपराच्या आकारावरून ‘पॅगोडा’ म्हणतात, तिच्यासाठी नालीदार पत्रा घरीच होतो. खऱ्या पत्र्याच्या दोन नाल्यांत ३ इंच अंतर, आपल्या मापात १ मिमी. एम६ बोल्टच्या आट्यांचे अंतरही नेमके १ मिमी! जेवणाच्या पार्सलचा ॲल्युमिनियमचा डबा सपाट करून माउसपॅडवर ठेवा आणि एम६ ची लांब आट्यांची सळई दाबून एकदाच लाटा. आटे तिरपे असल्याने रेषा सुमारे ३ अंश कलतात, म्हणून तुकडा त्या रेषांना धरून कापा, पत्र्याच्या कडेला धरून नव्हे.

दक्षिण डेव्हनची माती लाल असते, पण कोकणातल्या जांभ्यासारखी नव्हे. ती गुलाबीकडे झुकते. ३ भाग गेरू, २ भाग खडूची भुकटी, १ भाग पिवडी असे मिश्रण जमले. ओले असताना गडद दिसते, घाबरून खडू वाढवू नका. रस्ता दोन्ही बाजूंच्या मातीच्या बांधांमध्ये खोल गेलेला. बांध २० ते २५ मिमी उंच, वर काथ्याच्या गाभ्यावर फोमच्या चुऱ्याची झुडपी कुंपणे. त्यात एल्मची झाडे हवीतच. साठच्या दशकाच्या शेवटी आलेल्या रोगाने इंग्लंडची एल्म झाडे कोट्यवधींनी गेली, पण १९४७ मध्ये क्षितिजावर तीच उभी होती. पूर्ण मापात ती ३५०-४०० मिमी भरतील. इथे २२० मिमीवर थांबलो. बाइंडिंग वायरच्या ४० तारा पिळून खोड केले आणि पानांचे दोन ढग ठेवले, वरचा मोठा, मधे बारीक कंबर.

गवतासाठी डास मारण्याच्या रॅकेटमधील सर्किट वापरले. एक तार स्टीलच्या चहागाळणीला, दुसरी क्लिप लावून ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला. गाळणीत कृत्रिम गवताचे २ आणि ४ मिमीचे तंतू समप्रमाणात. उंची ५-६ सेंमी ठेवून हलवले की तंतू उभे राहतात. सर्किट काही हजार व्होल्टचे असते आणि बटण सोडल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. हात लावण्यापूर्वी गाळणी आणि खिळा इन्सुलेटेड पेचकसने जोडून तो मोकळा करा. दमट दिवशी तंतू गोळा होतात. ट्रे ६० वॅटच्या दिव्याखाली अर्धा तास ठेवला की सुटे होतात.

विमान आणि रेल्वे एका देखाव्यात का, असा प्रश्न मागे आला होता. ग्रेट वेस्टर्नने १२ एप्रिल १९३३ ला कार्डिफ–हॅल्डन–प्लिमथ अशी स्वतःची विमानसेवा सुरू केली होती आणि वेस्टलँड वेसेक्स विमानाला आपल्या डब्यांचाच चॉकलेटी-मलई रंग दिला होता. १९४७ साठी मात्र डी हॅविलँडचा टायगर मॉथ योग्य, कारण युद्धानंतर हवाईदलाने विकलेले मॉथ उड्डाण-क्लबांत पोहोचले होते. आपल्या लोकांना हे घराणे परके नाही. १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला डाक आणली ती याच कंपनीच्या पुस मॉथमधून.

एअरफिक्सचा संच १:७२ चा. पंखांचा पल्ला १२४ मिमी भरतो, १:७६ मध्ये ११७ भरला असता. म्हणून विमान मागे ठेवू नका, दूरची वस्तू मोठी दिसून खोली मरते. ते पुढच्या कडेला ठेवले आणि संचातला वैमानिक काढून ४ मिमी मापाचा बसवला. दोन्ही मापांतल्या सहा फुटी माणसांत दीड मिमीचा फरक पडतो आणि तो डोळ्याला लगेच टोचतो.

विमानाच्या दोन पंखांमध्ये ताणलेल्या तारांचा क्रम असा: सगळे रंगकाम आधी, मग ०.३ मिमीची छिद्रे, मग खालचा पंख, मधल्या खांब्या, वरचा पंख. फोमबोर्डच्या दोन खाचांच्या ठोकळ्यात रात्रभर वाळू द्या. उड्डाणाच्या तारा धडाच्या तळापासून बाहेरच्या खांब्यांच्या माथ्याकडे, उतरण्याच्या तारा वरच्या मधल्या भागातून खांब्यांच्या पायथ्याकडे. ०.०८ मिमीचा लवचीक धागा, टोकाला सुईच्या अग्रावरचा सुपरग्लू. नायलॉन ताणून लावला तर पंख वाकतात, पहिल्या प्रयत्नात तसेच झाले. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) फक्त खालच्या पंखांना असतात, वरच्या पंखावर रेषा कोरू नका. ब्रेक नाहीत आणि शेपटाखाली चाकाऐवजी स्किड (जमिनीवर घासणारा दांडा) आहे, म्हणून गवतात चाकांच्या दोन रेषांमध्ये स्किडची तिसरी, मातीपर्यंत गेलेली चरी काढली.

गावात लाल टेलिफोन खोका के६, म्हणजे १९३५ चा आराखडा. उंची ८ फूट ३ इंच, आपल्या मापात ३३ मिमी, तळ १२ × १२. दाराला काचांच्या आठ ओळी, मधली काच रुंद. घरांच्या कुंपणभिंतींवरची लोखंडी गजांची जाळी युद्धात भंगारात गेली होती, म्हणून दगडावर फक्त कापलेल्या गजांची बुडखी दाखवली. पेट्रोलवर रेशन असल्याने रस्त्यावर एकच मोटार, तीही उभी.

आता वारा. डेव्हनमध्ये तो बहुतेक नैऋत्येचा. विमान उड्डाणाआधी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहते, म्हणून नाक नैऋत्येला. वातदर्शक पिशवी, घराच्या धुराड्यावरचा कापूस आणि इंजिनाचा धूर ईशान्येकडे. सोमवार हा इंग्लंडातला कपडे धुण्याचा दिवस, म्हणून सिग्नल-केबिनमागच्या परसात दोरीवर चादरी आहेत. टिश्यू पेपर फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून त्या केल्या आणि वाळताना हेअर ड्रायर नैऋत्येच्या बाजूने धरला. इंजिन-शेडवरच्या धुराड्याचा कापूस मात्र चुकून उलट्या बाजूला चिकटला आहे. तो काढून पुन्हा लावणे आणि गुरांच्या धक्क्याची फाटके, एवढे पुढच्या नोंदीसाठी.