करकच्या तटावर

जॉर्डनच्या सहलीत मदाबाचा मुक्काम असला की रात्रीच्या जेवणानंतर आम्ही हॉटेलच्या हॉलमध्ये एखादा सिनेमा लावतो. दुसऱ्या दिवशी करकचा किल्ला बघायचा होता, म्हणून त्या खेपेला ‘किंगडम ऑफ हेवन’ लावला. रिडली स्कॉटचा, २००५ सालचा, मुसलमान सुलतान सलाहुद्दीनने ११८७ मध्ये क्रुसेडरांकडून, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिश्चन धर्मयोद्ध्यांकडून, जेरुसलेम घेतलं तिथपर्यंतची गोष्ट सांगणारा. टूर मॅनेजर म्हणून माझा हेतू एवढाच, की किल्ल्यात पाऊल ठेवण्याआधी जेरुसलेमचा कुष्ठरोगी राजा बाल्डविन, करकचा सरदार रेनाल्ड, सलाहुद्दीन ही नावं लोकांच्या कानावरून गेलेली असावीत. सकाळी बस वादी मुजिबच्या दरीत वळणं घेत उतरू लागली, तोवर मागच्या सीटांवर वाद चांगलाच पेटला होता.

सुरुवात वसईच्या काकांनी केली. उभं आयुष्य चर्चच्या कामात घालवलेला माणूस, पत्नीला घेऊन पवित्र भूमीच्या यात्रेला निघालेला. “बाय, हा सिनेमा यात्रेकरूंना दाखवायचा?” ते मला म्हणाले. रागापेक्षा दुःख जास्त होतं त्यांच्या आवाजात. सुरुवातीलाच पाद्री आत्महत्या केलेल्या बाईच्या मृतदेहाची विटंबना करतो. वाटेवरचा दुसरा पाद्री, काफिराला मारलं तर तो खून नव्हे, असं ओरडून सांगतो. आणि जेरुसलेमचा धर्मगुरू हेराक्लियस वेढा पडल्यावर म्हणतो की आत्ता धर्म बदलू, पश्चात्ताप नंतर करू. “झगा घातलेला एकही माणूस धड नाही. आणि समोरचा सुलतान मात्र संत!”

“तो हॉस्पिटलर, योद्धा-साधू, आहे की, काका,” पुण्याचा एक तरुण इंजिनिअर म्हणाला. “तोही धर्माला वाहिलेलाच, आणि अख्ख्या सिनेमातला सगळ्यात शहाणा माणूस.” या मुलाचा राग वेगळाच होता. आम्ही दाखवला तो थिएटरमध्ये लागलेला, दोन तास चोवीस मिनिटांचा सिनेमा. दिग्दर्शकाचं स्वतःचं संस्करण तीन तासांच्या वर जातं. त्यात बाल्डविनची बहीण राणी सिबिला हिच्या लहान मुलाचं सगळं कथानक आहे, आणि ते कापल्यामुळे ती बाई शेवटी केस कापून भ्रमिष्टासारखी का होते तेच कळत नाही. हे त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आखूड सिनेमा बघून या दिग्दर्शकाला कुणी पोकळ म्हटलं तर बघणाऱ्याला दोष देता येत नाही.

साताऱ्याचे निवृत्त इतिहास शिक्षक, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत, इतका वेळ गप्प होते. त्यांनी नायकालाच हात घातला. सिनेमातला बेलियन फ्रान्समधला लोहार आहे. खरा बेलियन जेरुसलेमच्या राज्यातल्याच सरदार घराण्यातला, आणि त्याची बायको मारिया ही सिबिलाची सावत्र आई. “म्हणजे पडद्यावर जिच्याशी प्रेमप्रकरण, ती प्रत्यक्षात नात्याने त्याची सावत्र मुलगी!” बसमध्ये हशा पिकला, पण सरांचा चेहरा गंभीर होता. खरी गोष्ट यापेक्षा किती मोठी आहे, ते म्हणाले. हत्तीनच्या लढाईत क्रुसेडर हरले, तिथून निसटल्यावर बेलियनने सलाहुद्दीनकडेच परवानगी मागितली: बायकामुलांना आणायला जेरुसलेमला जातो, एक रात्र राहतो, तुझ्याविरुद्ध शस्त्र उचलणार नाही. शपथ घेऊन तो शहरात आला, आणि लोकांनी पाय धरले की आता आम्हाला सोडून जाऊ नकोस. त्याने सुलतानाला निरोप धाडला. सुलतानाने त्याला शपथेतून मोकळं केलं, वर त्याच्या बायकामुलांना सुखरूप बाहेर काढायला सोबत दिली. “असा प्रसंग हाताशी असताना लोहार कशाला हवा होता?”

मीही माईक घेतला, कारण या सिनेमावरची भांडणं तो लागण्याआधीच सुरू झाली होती हे लोकांना सांगायला हवं होतं. इराकवरच्या हल्ल्यानंतरचे दिवस. केंब्रिजचे क्रुसेडचे अभ्यासक जोनाथन रायली-स्मिथ म्हणाले, याने इस्लामी कट्टरवाद्यांना बळ मिळेल. त्याच सुमारास पटकथा वाचून लॉस एंजेलिसचे कायद्याचे प्राध्यापक खालेद अबू अल फद्ल म्हणाले, याने मुसलमानांविरुद्ध द्वेष पसरेल. एकच कलाकृती, आणि भीती अगदी उलट. पुढे सिनेमा लागला तेव्हा पत्रकार रॉबर्ट फिस्क यांनी बैरुतमधल्या थिएटरचं वर्णन लिहिलं: जिंकलेल्या शहरात सलाहुद्दीन जमिनीवर पडलेला क्रूस उचलून टेबलावर नीट ठेवतो, तिथे प्रेक्षकांनी उठून टाळ्या वाजवल्या.

आमच्या ड्रायव्हरला एवढं इंग्रजी-मराठी कळत नव्हतं, पण सलाहुद्दीनचं नाव कळत होतं. सलाहुद्दीनचं काम करणारा घसान मसूद हा सीरियाचा नट, शेजारच्या देशातला. तो पडद्यावर चांगलं अरबी बोलतो याचाच त्याला केवढा अभिमान. गाईडमार्फत त्याने तेवढंच आम्हाला कळवलं.

करकला पोहोचलो. ११४२ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला उंच सुळक्यावर आहे, तिन्ही बाजूंनी खोल उतार. घोडदळ धावेल असं सिनेमातलं मैदान इथे कुठेच नाही. ते चित्रीकरण मोरोक्कोत झालं. क्रुसेडरांचं काळपट, ओबडधोबड दगडाचं काम आणि त्यावर नंतरच्या मामलुक सुलतानांनी चढवलेला फिकट चुनखडीचा दगड मी दाखवला. ११८३ च्या वेढ्याची गोष्ट सांगितली: आत लग्न चाललं होतं, नवरदेवाच्या आईने सलाहुद्दीनला लग्नाचं जेवण पाठवलं, आणि त्याने नवदांपत्याच्या बुरुजावर दगड टाकू नका असा हुकूम दिला. बाल्डविन राजा कुमक घेऊन आला तो पालखीत निजून. तोवर त्याच्या हातापायांत त्राण उरलं नव्हतं.

इथे गटातल्या त्वचारोगाच्या डॉक्टर बोलल्या. त्यांनी कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात गावोगाव काम केलेलं. सिनेमातला चांदीचा मुखवटा त्यांना खटकला होता, कारण राजाने तसा मुखवटा घातल्याचा पुरावा नाही. पण या रुग्णाला कीव न करता, राजा म्हणून दाखवलंय याचं त्यांना अप्रूप होतं. “निदान कसं झालं असेल तेव्हा?” त्यांनी विचारलं. सरांना ते माहीत होतं. नऊ-दहा वर्षांचा बाल्डविन मित्रांशी खेळताना मुलं एकमेकांना नखांनी ओरबाडत, इतर ओरडत, हा शांत. त्याचे शिक्षक विल्यम यांनी बघितलं, हाताला चिमटे काढून पाहिले, संवेदना नव्हती. “बरोबर,” डॉक्टर म्हणाल्या, “आम्हीही पहिल्यांदा तेच तपासतो.”

“आणि काका,” सर वसईच्या काकांकडे वळले, “हे विल्यम पुढे टायरचे आर्चबिशप झाले. त्या राज्याचा सगळ्यात विश्वासार्ह इतिहास त्यांनीच लिहिला. झगा घातलेला हा शहाणा माणूस सिनेमात नाहीच.”

काकांनी ते नाव दोनदा विचारून वहीत लिहून घेतलं.

मग आमचा गाईड बोलला. तो मदाबाचा अरब ख्रिश्चन. त्याचे पूर्वज करकचे. १८८० च्या सुमारास इथली ख्रिश्चन घराणी मदाबाला जाऊन वसली. “तुम्ही सकाळपासून भांडताय, ख्रिश्चन चांगले दाखवले की मुसलमान,” तो म्हणाला. “मी हा सिनेमा पुष्कळ ग्रुपबरोबर बघितलाय आणि दर वेळी आमचे लोक शोधतो. फ्रँक, म्हणजे क्रुसेडर, यायच्या कितीतरी आधीपासून आम्ही इथे अरबीत प्रार्थना करत होतो. फ्रँकांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा आमचे धर्मगुरू बाजूला सारून आपले बसवले. सलाहुद्दीन आला तेव्हा फ्रँक गेले, आम्हाला राहू दिलं. अडीच तासांत आमच्यातला एकही माणूस दिसत नाही.”

मी हा सिनेमा कितीदा दाखवला असेल, पण यावर कुणी बोट ठेवलेलं ऐकलं नव्हतं. सलाहुद्दीन फार चांगला रंगवला की कमी, यापेक्षा मला हा दोष मोठा वाटतो. त्याच जातीचा दुसरा दोष शेवटी आहे. पडद्यावर शहर खाली होतं आणि सगळे सुखरूप निघून जातात. प्रत्यक्षात पुरुषामागे दहा दिनार, बाईमागे पाच अशी खंडणी होती; काही हजार गरिबांसाठी एकगठ्ठा रक्कम भरली गेली, सुलतानाने आणि त्याच्या भावाने काहींना फुकट सोडलं, तरीही ज्यांच्याकडे पैसे नव्हते असे हजारो गुलाम झाले. ते सलाहुद्दीनच्या मोठेपणाला बाध आणतात, म्हणून गाळले असावेत. हेराक्लियस मात्र स्वतःचे दहा दिनार भरून चर्चचा खजिना घेऊन बाहेर पडला असं अरब इतिहासकारच लिहितात. सरांनी हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “मग त्याला दाखवलं ते खोटं नाही.”

पेत्राच्या वाटेवर त्यांनी माईक मागून घेतला. सिनेमा आपल्याला आवडला नाही, आवडणारही नाही, पण दिग्दर्शकाचा तो लांब सिनेमा असेल तर रात्री बघायची तयारी आहे, असं त्यांनी जाहीर केलं. इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये तो होता. वादी मुसाच्या हॉटेलात जेवण लवकर लावायला सांगून मी हॉलची चौकशी केली.