घर अकरा दिवसांत उभं राहिलं, बँकेचे पैसे यायला चार महिने गेले

होटगी रोडच्या पुढं आमचा दोन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट बरीच वर्षं पडून होता. विटांचं घर बांधायचं म्हटलं की आधी पाण्याचा प्रश्न, सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, मग स्लॅबच्या क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, रोज टँकर कुठनं आणायचा? म्हणून मी प्रीफॅबकडं वळलो. लोखंडी फ्रेम आणि तिला पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेला, सगळं कारखान्यात मापानं कापून येतं आणि साइटवर फक्त जोडायचं. पाणी लागतं ते पायापुरतं. सातबारा, एनए ऑर्डर, प्लॅन पास करणं यात काही अडलं नाही.

अडलं ते बँकेत, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितोय.

लोन मंजूर झालं, पत्र हातात पडलं, घरी पेढे आणले. कारखान्याची अट होती ऑर्डरला ४० टक्के, माल गाडीत भरायच्या आधी ५० टक्के, उभारणी झाल्यावर १०. बँकेचे टप्पे वेगळे, प्लिंथला म्हणजे जोत्याला एवढे, लिंटेलला म्हणजे दार-खिडक्यांवरच्या तुळईला एवढे, स्लॅबला एवढे, प्लास्टरला एवढे. या घराला ना लिंटेल, ना स्लॅब, ना प्लास्टर! ऑर्डरचे पैसे मी सोनं मोडून आणि पीएफमधनं काढून भरले होते, बाकीचे बँकेचे यायचे होते. घर पुण्याकडच्या कारखान्यात तयार होऊन थप्पी लावून ठेवलेलं आणि प्लॉटवर काय, तर काँक्रीटचे बारा पेडेस्टल, म्हणजे फ्रेम बसवायचे बुटके खांब, आणि प्रत्येकातनं वर आलेले चार चार बोल्ट. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे काम किती झालं ते बघणारा, आला, बोल्टचे फोटो काढले आणि रिपोर्टात लिहिलं, काम १५ टक्के. बँकेनं तेवढेच सोडले. कारखानावाला म्हणतो पैसे आल्याशिवाय गाडी हलणार नाही, व्हॅल्युअर म्हणतो भिंत दिसल्याशिवाय मी पुढं लिहू शकत नाही, आणि भिंत गाडीत बसल्याशिवाय सोलापुरात येणार कशी हे सांगायला कुणी तयार नाही.

किती चकरा मारल्या ते मोजायचं सोडून दिलं. कधी साहेब ऑडिटमध्ये, कधी फाइल वरच्या ऑफिसला. मग नवीन शंका निघाली, हे घर उद्या उचलून नेलं तर आम्ही तारण कशाचं धरायचं? आणि हे टिकतं तरी किती, नवीनच प्रकार दिसतोय. नवीन म्हटल्यावर मला राहवलं नाही. फाळणीनंतर निर्वासितांना घरं द्यायला सरकारनं १९४८ मध्ये दिल्लीत घरांचा कारखाना काढला होता, तोच पुढं हिंदुस्तान प्रीफॅब झाला. अमेरिकेत सीअर्स कंपनी १९०८ पासून १९४० पर्यंत कॅटलॉगवरनं घरं विकायची, घराचे सुटे भाग रेल्वेनं यायचे. आणि लांब कशाला, नव्या तंत्रानं घरं बांधायच्या केंद्राच्या लाइट हाउस प्रोजेक्टमध्ये इंदूरला हजारावर घरं सँडविच पॅनलची, म्हणजे दोन थरांच्या मधे भर घातलेल्या पॅनलची, बांधली, जानेवारी २०२१ मध्ये पायाभरणी झाली त्याची. हे सगळं प्रिंट काढून साहेबांपुढं ठेवलं, त्यांनी वाचलंही, पण फाइल तिथंच.

शेवटी लोन विभागातल्या एका मॅडमनी मार्ग दाखवला. म्हणाल्या, "सर, टप्पा पूर्ण झालाय हे पटवत बसू नका, टप्पेच बदलून मागा." मग स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सर्टिफिकेट घेतलं की फ्रेम आरसीसी पायाला बोल्टनं कायमची बांधलेली असणार, कारखान्याकडनं आमच्या ऑर्डर नंबरसकट बिल आणि वाटेतल्या मालाचा विमा, व्हॅल्युअरनं कारखान्यात जाऊन पॅनलच्या थप्प्यांचे फोटो काढायचे, आणि पैसे माझ्या हातात न देता थेट कारखान्याच्या खात्यात. एवढं जमल्यावर नवव्या दिवशी पैसे सुटले. तोवर पहिल्या अर्जापासनं चार महिने झालेले, आधी सुटलेल्या पैशांचं व्याज आणि घरभाडं दोन्ही चालू. त्या मॅडमना मी कायम धन्यवाद देईन. तुम्ही मात्र हे बुकिंगची रक्कम भरायच्या आधी करा, टप्पे बदलल्याचं बँकेकडनं लेखी घ्या.

गाडी आली आणि अकराव्या दिवशी आम्ही घरात दूध उतू घातलं. अण्णा पहिले दोन दिवस भिंतीवर बोटानं टकटक करत फिरत होते, आवाज पोकळ येतो म्हणून त्यांचा विश्वास बसेना. मे महिन्यात बाहेर ४३ असताना तेच दुपारी हॉलमध्ये चटई टाकून झोपायला लागले. छताचं पॅनल मी भिंतीपेक्षा जाड घेतलं होतं, भिंतीला ५० एमएम, छताला ८०. आपल्याकडच्या उन्हात तिथं पैसे वाचवू नका.

पायाचं सांगायचं राहिलं. घर हलकं म्हणून पाया वरवर घेऊ म्हणणारे भेटतील, ऐकू नका. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, मुरूम लागेपर्यंत खोदाच, आम्हाला पाच फुटांवर लागला. बोल्ट काँक्रीटमधे बसवतानाही कारखान्याची लोखंडी टेम्प्लेट, म्हणजे मापाची भोकं पाडलेली पाटी, वापरा, आमच्याकडं गवंड्यानं दोरीनं लाइन धरली आणि एक बोल्ट बोटभर सरकला, बेसप्लेटचं, म्हणजे फ्रेमच्या खांबाखालच्या लोखंडी पाटीचं, भोक वाढवण्यात अख्खी सकाळ गेली. देव्हारा, गीझर, टीव्ही कुठं लावायचा ते ऑर्डर देतानाच सांगा म्हणजे तिथं पॅनलला आतनं आधार देतात, नंतर नुसत्या पॅनलवर वजन धरत नाही.

अख्खी तयार खोली ट्रेलरवरनं आणणार असाल तर रुंदी बघा, २.६ मीटरच्या वर गेली की रस्त्यानं न्यायला वेगळी परवानगी, शिवाय क्रेन आणि वरच्या विजेच्या तारा. आणि व्हॅल्युअरच्या पुण्याला जाण्यायेण्याचा खर्च बँकेनं माझ्याकडनंच घेतला, तो कुणाचा ते आधी विचारून घ्या.