डोक्यातली माहिती परत कशी करायची? : दोन संस्थांमधल्या कराराचा माझा अनुभव

‘करार संपुष्टात आल्यावर मिळालेली सर्व माहिती परत करावी अथवा नष्ट करावी.’ हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की झोपेत उठवलं तरी म्हणून दाखवेन. गोपनीयतेच्या जवळजवळ प्रत्येक करारात ते असतंच, त्यात वावगं काही नाही. पण आम्हाला जे एकमेकांना द्यायचं होतं त्यातलं बरंचसं कागदावर नव्हतंच. ते आमच्या तंत्रज्ञांच्या डोक्यात होतं आणि समोरच्या संस्थेच्या तंत्रज्ञांच्या डोक्यात जायचं होतं. तिथून ते ‘नष्ट’ कसं करायचं, यावर दोन्हीकडच्या विधी विभागांनी जो घोळ घातला, त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

मामला अगदी साधा होता. आमच्या आणि त्यांच्या प्रयोगशाळांत एकाच बनावटीचे ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने वस्तू निर्जंतुक करणारी यंत्रं, आहेत. बिघाड तेच, सुटे भाग तेच, आणि दोन्हीकडची माणसं तोच बिघाड आपापल्या परीने पहिल्यापासून शोधत बसायची. म्हणून ठरलं की दुरुस्तीच्या नोंदी एकमेकांना द्यायच्या आणि महिन्यातून एकदा तंत्रज्ञांनी तासभर बोलायचं. वरिष्ठांची मंजुरी आली, समोरच्यांचा होकार आला. मग सही राहिली.

देवाणघेवाण नेमकी कशाची होती, ते एका उदाहरणाने सांगते. दाबाचा काटा जिथे हवा तिथे असतो, पण तापमान १२१ अंशांच्या अलीकडेच रेंगाळतं. नवा माणूस म्हणतो, दाब बरोबर आहे म्हणजे सेन्सर गेला, आणि सेन्सर बदलतो. आमचे एक ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते सेन्सरला हातच लावत नाहीत. यंत्र थंड होऊन दाब शून्यावर आला की ते दार उघडून तळाची ड्रेनची जाळी काढतात. जाळीवर सांडून घट्ट झालेलं अगार (जंतू वाढवायचं जेलीसारखं माध्यम) असतं, बाटल्यांची निघालेली लेबलं असतात, कधी काचेचा तुकडा. जाळी तुंबली की आतली हवा नीट बाहेर पडत नाही. मग काट्यावर दिसणाऱ्या दाबात काही वाटा हवेचा असतो, आणि नुसत्या वाफेने त्या दाबाला जे तापमान यायला हवं ते येत नाही. जाळी घासून बसवली की काम झालं. आमच्या मॅन्युअलमध्ये जाळी साफ करा असं लिहिलेलं आहे, पण देखभालीच्या तक्त्यात. या तक्रारीसमोर नाही.

आता हे गुपित आहे का? आमच्या विधी विभागाच्या मते होतं. किंवा नसेलही, पण तसं लिहून कोण देणार?

पहिला वाद झाला तो नमुना कोणाचा वापरायचा यावर. आमच्याकडे आमचा छापील मसुदा, त्यांच्याकडे त्यांचा. दोन्ही मसुद्यांत एक कलम शब्दशः आरशातल्यासारखं होतं: या माहितीवरून जी काही सुधारणा होईल ती ‘आमच्या’ मालकीची. त्यांनी आमचं कलम खोडलं, आम्ही त्यांचं खोडलं, आणि फाइल लाल-निळ्या खुणांनी भरत गेली. दोन्हीकडच्या वकिलांनी एकमेकांना कधी फोन केला नाही, सगळं ईमेलवर आणि तेही माझ्यामार्फत. तुमच्याकडे असा विषय निघाला तर मसुदा पाठवायच्या आधी दोन्हीकडच्या विधीवाल्यांना एका कॉलवर बसवा. तुम्ही मधले टपालवाले झालात की विषय कोणाच्याच टेबलावर नसतो.

मग आलं ते ‘डोक्यात राहिलेलं’. समोरच्यांनी एक कलम घातलं की कर्मचाऱ्यांच्या स्मरणात सहजपणे राहिलेली माहिती वापरायला मोकळीक असावी. अशी कलमं करारांमध्ये असतात, तंत्रज्ञानाच्या कंपन्या ती बऱ्याचदा मागतात. आमच्या विधी विभागाच्या मॅडमनी ते साफ नाकारलं. मी म्हटलं, “मॅडम, काकांनी त्यांना जाळी काढायला सांगितली आणि उद्या करार संपला, तर परवा त्या माणसाने काय करायचं? सेन्सर बदलायचा?”

“तसं नाही. पण हे कलम ठेवलं तर ते काहीही लक्षात ठेवू शकतील.”

“लक्षात ठेवावं म्हणूनच तर चाललंय हे सगळं!”

“तुमचा मुद्दा मला समजतोय. तुम्ही लेखी पाठवा.”

लेखी पाठवलं. त्यात मी ट्रिप्स कराराचाही दाखला दिला. बौद्धिक संपदेवरच्या १९९४ च्या त्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या कलमात स्पष्ट आहे की कॉपीराइट मांडणीला मिळतो, कल्पनेला किंवा काम करण्याच्या पद्धतीला नाही. उत्तर आलं की प्रश्न कॉपीराइटचा नसून गोपनीयतेचा आहे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, म्हणून तर जास्त चीड आली. पुढे मी आठवण करून दिली की उत्तर यायचं, “विषय विचाराधीन आहे”. पुन्हा विचारलं की तेच. त्या काळात आमच्या एका शाखेत दोन चांगले सेन्सर बदलले गेले.

वरच्या मंडळींचं म्हणणं वेगळंच. “लोकांनाच आपलं ज्ञान वाटायचं नसतं हो.” हे मला मुळीच पटत नाही. गॅब्रिएल शुलान्स्की या अभ्यासकाने १९९६ साली संस्थांच्या आत चांगल्या पद्धती एका विभागातून दुसऱ्यात का पोचत नाहीत हे तपासलं, तेव्हा इच्छेच्या अभावापेक्षा वेगळी कारणं वजनदार निघाली: घेणाऱ्याकडे ते पचवायची तयारी नसणं, पद्धत नेमकी का चालते हेच कोणाला ठाऊक नसणं, आणि दोन विभागांचे ताणलेले संबंध. काका तर कोणीही विचारलं की सांगतात. विचारायला माणूस समोर यायला हवा, एवढंच.

शेवटी तोडगा निघाला तो कलम जिंकून नाही, कलमाची गरजच काढून टाकून. याचं श्रेय मी घेणार. मी एक पानभर यादी केली, आम्ही काय देणार नाही याची. ग्राहकांची नावं नाहीत, तपासणीचे निकाल नाहीत, खरेदीचे दर नाहीत, यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने गोपनीय म्हणून दिलेले कागद नाहीत. हे वगळून उरतं ते लक्षण, कारण आणि केलेला उपाय. त्या तीन गोष्टी गोपनीय नाहीत, असं दोन्ही बाजूंनी लिहून द्यायचं. माहिती गोपनीयच नसेल तर परत करायचा प्रश्न नाही, आणि स्मरणात राहिली तर राहू दे. मालकीचंही सरळ केलं: ज्याचं जे आधीपासून होतं ते त्याचं, एकत्र लिहिलेल्या नोंदी दोघांनी हव्या तशा वापराव्यात. मॅडमनी ती यादी वाचली, दोन शब्द बदलले आणि म्हणाल्या, “हे आधीच असं का नाही आणलंत?” मी काही बोलले नाही. सही झाली.

मालकीच्या कलमासाठी तयार नमुने असतात हे मला नंतर कळलं. ब्रिटनमध्ये विद्यापीठं आणि उद्योगांसाठी २००५ पासून ‘लॅम्बर्ट’ नावाचे नमुना करार आहेत. संशोधनाच्या निकालांची मालकी कोणाकडे, यानुसार त्यांचे वेगवेगळे प्रकार केलेले आहेत. तुमच्या देशाचा कायदा वेगळा असेल, पण ‘कोणाचा मसुदा’ हे भांडण मोडायला तिसऱ्याच कोणाचा कागद पुढे ठेवणं फार उपयोगी पडतं.

नोंदींसाठी आधी आयटीने एक पोर्टल दिलं होतं. त्यात इतके रकाने होते की कोणी भरलंच नाही. आता तीनच रकाने आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. नाव मुद्दाम. झेरॉक्स कंपनीच्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांनी १९९० च्या दशकात ‘युरेका’ या व्यवस्थेत असेच अनुभव साठवले होते. आलेली सूचना दुसरे तंत्रज्ञ तपासायचे आणि ती देणाऱ्याचं नाव तिच्याबरोबर राहायचं. आमच्याकडेही समोरच्या संस्थेतला माणूस नोंदीतला उपाय करून पाहतो आणि मगच ती पक्की होते. जाळीच्या नोंदीखाली काकांचं नाव आहे. त्यांनी ते पान मोबाइलवर उघडून घरी दाखवलं, असं त्यांच्या शेजारी बसणाऱ्याने सांगितलं.

आणखी एक राहिलंच. काही नोंदींबाबत शंका असते, तेव्हा आम्ही सायबर सुरक्षेवाल्यांची रंगांची पद्धत वापरतो. लाल म्हणजे फक्त बैठकीतल्यांसाठी, पिवळसर म्हणजे गरज असेल त्यालाच, हिरवा म्हणजे आपल्या वर्तुळात, आणि ‘क्लिअर’ म्हणजे कुणालाही. फाइलच्या वरच लिहून टाकायचं. अशा शंकेच्या बहुतेक नोंदी हिरव्या असतात.

मासिक कॉल मात्र रेकॉर्ड करू नका. पहिल्यांदा आमच्या व्यवस्थापनाने हट्टाने केला, तर सगळे तंत्रज्ञ “सर्व व्यवस्थित आहे” म्हणून गप्प. पुढच्या वेळी रेकॉर्डिंग बंद ठेवलं आणि समोरच्यांचा एक मुलगा पहिल्या दहा मिनिटांतच दाराचं गॅस्केट उलटं बसवल्याची हकीकत सांगून मोकळा झाला.